सातूच्या प्रजननातील द्विगुणीकृत वंश व वन्य आप्त : वेग आणि विस्तार यांचा विचार

प्रास्ताविक

पिकाची नवी जात निर्माण करू पाहणाऱ्या प्रजननशास्त्रज्ञास दोन गोष्टींची टंचाई सदैव भासते; एक काळाची व दुसरी विविधतेची. आखाडा बाळापूरच्या (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) पंचक्रोशीत सोयाबीन, कापूस, तूर व ज्वारी ही पिके होतात आणि जेथे विहिरीचे वा कालव्याचे पाणी आहे तेथे हळद व गहूही होतो. यांपैकी ज्वारीचा वा तुरीचा एखादा नवा संकर आज केला, तर त्यातून निघालेल्या जातीचे बी तेथील शेतकऱ्याच्या तिफणीच्या चाड्यात पडेपर्यंत सामान्यतः दहा-बारा वर्षे लोटतात. दरम्यान रोगाच्या बुरशीचे नवे प्रकार उद्भवलेले असतात, पावसाची रीत पालटलेली असते, आणि ज्या अडचणीवर उपाय म्हणून तो संकर केला ती अडचणच कित्येकदा दुसरे रूप घेऊन उभी राहते.

काळाच्या टंचाईवर द्विगुणीकृत एकगुणित वंशांचा आणि विविधतेच्या टंचाईवर पिकाच्या वन्य आप्तांचा उपयोग सांगितला जातो. ही दोन साधने बहुधा स्वतंत्र प्रकरणांत शिकविली जातात. त्यांचा परस्परसंबंध काय, ती एकत्र वापरताना कोठे जपावे लागते, हे स्पष्ट करावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी सातू हे पीक घेतले आहे. सातू आपल्या भागात होत नाही; राजस्थान व उत्तर प्रदेश हे त्याचे प्रदेश होत. आपल्या घरांत ‘सातूचे पीठ’ हा शब्द टिकून आहे. पण त्या पिठात आता बहुधा गहू व डाळे हेच असतात. तरीही या पिकाची निवड करण्यास कारण आहे. सातूत रंगसूत्रांच्या केवळ सात जोड्या आहेत, ते स्वपरागित आहे, आणि वर सांगितलेली दोन्ही साधने जितक्या पूर्णतेने या पिकात हाताळली गेली तितकी फारच थोड्या पिकांत हाताळली गेली आहेत.

एकगुणित वनस्पती व तिचे गणित

सातूच्या प्रत्येक कायिक पेशीत १४ रंगसूत्रे असतात. सात मातेकडून व सात पित्याकडून आलेली. न्यूनीकरण विभाजनाने बनणाऱ्या परागकणात व अंडपेशीत ती सातच उरतात. या सात रंगसूत्रांवरच एखादी वनस्पती वाढली, तर तिला एकगुणित म्हणतात. अशी वनस्पती नाजूक व वांझ असते, कारण विभाजनाच्या वेळी तिच्या कोणत्याही रंगसूत्रास जोडीदार मिळत नाही. परंतु तिच्यावर कॉल्चिसीनची प्रक्रिया केली असता रंगसूत्रांची संख्या दुप्पट होते. (आपल्या रानांत वाढणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते.) या क्रियेने मिळालेल्या झाडात प्रत्येक रंगसूत्राची जोडी ही त्याच रंगसूत्राची तंतोतंत प्रत असते, म्हणून ते सर्व जनुकांबाबत समयुग्मी, म्हणजेच पूर्ण शुद्ध असते. अशा झाडाच्या संततीस या लेखात ‘द्विगुणीकृत वंश’ असे म्हटले आहे.

नेहमीच्या रीतीत संकराच्या पहिल्या पिढीत जी विषमयुग्मता असते ती प्रत्येक स्वपरागित पिढीत निम्मी होत जाते. दुसऱ्या पिढीत ती ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५ टक्के, आणि सहाव्या पिढीतही सुमारे ३ टक्के शिल्लक असते. द्विगुणीकृत वंशात ती एकाच टप्प्यात शून्यावर येते. वर्षास एक हंगाम धरला तर चार-पाच वर्षांची बचत होते.

तथापि काळाची बचत हा या पद्धतीचा एकच गुण नव्हे. समजा, परस्परांपासून स्वतंत्र अशा पाच जनुकस्थानांवर हवे ते जनुक शुद्ध रूपात एकत्र आणावयाचे आहेत. संकराच्या दुसऱ्या पिढीत असे झाड १,०२४ मध्ये एक मिळेल. द्विगुणीकृत वंशांत ते ३२ मध्ये एक मिळते. शिवाय दुसऱ्या पिढीतील झाड हे एकटे असते. त्याच्या बियांतून तेच झाड पुन्हा उगवत नाही. द्विगुणीकृत वंशाचे बी मात्र कितीही वाढविले तरी वंश बदलत नाही. त्यामुळे एकच वंश अनेक ठिकाणी, अनेक वर्षे व अनेक पुनरावृत्तींत पेरून त्याचे मोजमाप घेता येते. उत्पादन, दुष्काळ सोसण्याची शक्ती इत्यादी ज्या गुणांवर परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो, त्यांच्या अभ्यासात हा लाभ वेळेच्या बचतीहूनही मोलाचा ठरतो. उत्तर अमेरिकेत ‘स्टेप्टो’ व ‘मोरेक्स’ या दोन जातींच्या संकरातून काढलेल्या १५० द्विगुणीकृत वंशांवर सातूच्या जनुकनकाशाचे पुष्कळसे आरंभीचे काम झाले, ते याच कारणामुळे.

धोत्र्यापासून सातूपर्यंत

सपुष्प वनस्पतीतील एकगुणित झाडाची पहिली नोंद १९२२ साली ब्लेकस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत धोत्र्यामध्ये केली. ते झाड निसर्गतः आढळले होते. हुकमी निर्माण केलेले नव्हते. ही पुढची पायरी भारतात गाठली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोत्र्याच्याच एका जातीचे परागकोश पोषक माध्यमावर वाढविले असता त्यांतून गर्भासारख्या रचना बाहेर आल्या. हे निरीक्षण १९६४ साली प्रसिद्ध झाले, आणि १९६६ पर्यंत त्या रचना परागकणांपासूनच उद्भवतात हेही सिद्ध झाले. गावकुसाबाहेर उकिरड्याशेजारी वाढणाऱ्या, गुरेही तोंड न लावणाऱ्या या झुडपावर जगातील परागकोश-संवर्धनाच्या तंत्राचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

सातूमध्ये मात्र पहिले मोठे यश निराळ्या मार्गाने आले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात काशा व काओ यांनी लागवडीच्या सातूवर हॉर्डियम बल्बोसम या वन्य जातीचे पराग टाकले. ही भूमध्यसागरी प्रदेशातील बहुवर्षायू वनस्पती असून तिच्या खोडाचा तळ कंदासारखा फुगलेला असतो. सोयीसाठी तिला आपण ‘कंदसातू’ म्हणू. या संकरात फलन नीट होते. परंतु गर्भाची वाढ सुरू झाल्यावर काही दिवसांतच कंदसातूची रंगसूत्रे पेशींतून एकामागून एक नाहीशी होतात आणि केवळ सातूची सात रंगसूत्रे असलेला एकगुणित गर्भ उरतो. पुष्काची वाढ खुंटत असल्यामुळे हा गर्भ झाडावर जगू शकत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी तो काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. ही पद्धती १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्या योगे कॅनडात तयार झालेली ‘मिंगो’ ही सातूची जात १९८० च्या सुमारास लागवडीस आली. एकगुणित तंत्राने सिद्ध झालेल्या आरंभीच्या व्यापारी जातींत तिची गणना होते.

एका जनकाची रंगसूत्रे अशी निघून का जातात, हे कोडे पुढे बरीच वर्षे उलगडले नव्हते. जर्मनीतील गाटर्सलेबेन येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, कंदसातूच्या रंगसूत्रांच्या सेंट्रोमिअरवरील एक विशिष्ट हिस्टोन प्रथिन नाहीसे होते. पेशीविभाजनाच्या वेळी त्या रंगसूत्रांना तर्कूचे तंतू पकडू शकत नाहीत आणि ती मागे पडून नष्ट होतात. याच प्रथिनात हेतुपुरस्सर बदल करून अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत एकगुणित झाडे मिळविता येतात, हे रवी व चॅन यांनी २०१० साली सिद्ध केले होते. म्हणजे वन्य आप्ताच्या संकरात दिसलेला चमत्कार आता एका प्रथिनाच्या भाषेत मांडता येतो.

सातूच्या पैदाशीत आज परागकोशांचे व सुट्या लघुबीजुकांचे संवर्धन अधिक रूढ आहे, कारण त्यात एका कणसातून पुष्कळ झाडे मिळू शकतात. त्याचे दोन दोष मात्र ध्यानात ठेवले पाहिजेत. काही जाती या तंत्रास उत्तम प्रतिसाद देतात, तर काही मुळीच देत नाहीत. आणि उगवलेल्या रोपांपैकी काही हरितद्रव्यहीन, पांढरी निपजतात व मरून जातात.

वन्य आप्तांचे भांडार

लागवडीच्या सातूचा पूर्वज हॉर्डियम स्पाँटेनियम, म्हणजे रानसातू, हा पश्चिम आशियाच्या सुपीक अर्धचंद्र प्रदेशात आजही उगवतो. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मनुष्याने त्यास शेतात आणले. रानसातूचे कणीस पिकल्यावर दाणे सुटे होऊन गळून पडतात. लागवडीच्या सातूचे कणीस अखंड राहते. हा फरक शेजारशेजारच्या दोन जनुकांपैकी कोणत्याही एकाच्या निष्क्रियतेने घडतो, हे २०१५ साली निश्चित झाले. म्हणूनच या दोन प्रकारच्या न गळणाऱ्या सातूंचा परस्पर संकर केला, तर पहिल्या पिढीचे कणीस पुन्हा गळू लागते.

अशा एखाद-दुसऱ्या जनुकाची निवड करताना मनुष्याने मूळ संचयाचा लहानसा भागच बरोबर घेतला. रोगप्रतिकार, क्षार व अवर्षण सोसण्याची शक्ती इत्यादींचे अनेक जनुक रानातच राहिले. हार्लन व द वेट यांनी १९७१ साली मांडलेल्या वर्गीकरणानुसार पिकाच्या आप्तांची तीन वर्तुळे कल्पिता येतात. रानसातू पहिल्या वर्तुळात येतो. त्याचा सातूशी संकर सहज होतो व संतती सुफल असते. दुसऱ्या वर्तुळात एकटा कंदसातू येतो. त्याच्याशी संकर होतो, पण कष्टाने. हॉर्डियम प्रजातीतील उरलेल्या जाती तिसऱ्या वर्तुळात मोडतात व त्यांच्याकडून गुण आणणे अत्यंत दुष्कर आहे.

येथे एका मौजेच्या योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. जो कंदसातू आपली रंगसूत्रे गमावून एकगुणित गर्भ देतो, तोच काही जातींशी संकरात व तापमान कमी ठेवल्यास आपली रंगसूत्रे टिकवून धरतो आणि त्यांचे तुकडे सातूच्या रंगसूत्रांत मिसळू शकतात. एकच वन्य वनस्पती एका परिस्थितीत वेग देते व दुसऱ्या परिस्थितीत विस्तार देते.

दोन साधनांची गाठ व तीतील धोका

रानातून आणलेला चांगला जनुक कधीच एकटा येत नाही. रंगसूत्रावर त्याच्या मागेपुढे असलेले दोषही त्याच्यासह येतात. या घटनेस आपण ‘सहलग्न दोष’ म्हणू. कंदसातूपासून सातूत आणलेल्या एका जनुकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. हा जनुक पीत-खुजेपणाच्या विषाणुरोगास पूर्ण प्रतिकार देतो. परंतु त्याच्या लगत झाडाची वाढ खुंटविणारा, जवळजवळ प्राणघातक असा घटक होता. प्रतिकाराचे वर्णन २००९ साली झाले, आणि दोष त्यापासून सुटा करून जनुकाचे स्थान सूक्ष्मपणे निश्चित केल्याचे संशोधन प्रसिद्ध होण्यास २०२४ साल उजाडले. गुण सापडणे व तो वापरण्याजोगा होणे यांत पंधरा वर्षांचे अंतर पडले.

सहलग्न दोष सुटतो तो न्यूनीकरण विभाजनातील रंगसूत्रखंडांच्या अदलाबदलीने. आणि द्विगुणीकृत पद्धतीची मर्यादा नेमकी येथेच आहे. पहिल्या पिढीपासून थेट द्विगुणीकृत वंश काढले, तर अदलाबदलीस एकच संधी मिळते. समजा, हवा असलेला जनुक व दोष यांच्यात ५ सेंटिमॉर्गन अंतर आहे. तो जनुक लाभलेल्या १०० द्विगुणीकृत वंशांपैकी सुमारे पाचच दोषमुक्त असतील. उरलेल्या पंचाण्णवांत दोष शुद्ध रूपात कायमचा बसेल. त्याच पहिल्या पिढीचे स्वपरागण करीत पुष्कळ पिढ्यांनंतर शुद्ध वंश काढले, तर अशा दोषमुक्त वंशांचे प्रमाण सुमारे नऊपर्यंत जाते. यावरून असे दिसते की, वेगाने गुण जसा लवकर स्थिर होतो तसा दोषही लवकर स्थिर होतो. वेग स्वतः निवड करीत नाही.

यावर उपाय म्हणजे दोन साधने योग्य क्रमाने लावणे. वन्य आप्ताशी झालेला संकर प्रथम लागवडीच्या जातीशी एक-दोनदा प्रतीपसंकरित करावा आणि मग द्विगुणीकृत वंश काढावेत. दोन प्रतीपसंकरांनंतर एकूण तीन न्यूनीकरण विभाजने घडून गेलेली असतात. वरच्याच उदाहरणात आता जनुकधारी वंशांपैकी सुमारे १४ टक्के दोषमुक्त मिळतात, आणि सर्व जनुकस्थानांचा विचार करता वन्य जनकाचा वाटा सरासरी साडेबारा टक्क्यांवर आलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर डीएनए-खुणांच्या साहाय्याने अदलाबदल झालेली रोपे निवडली, तर हे प्रमाण पुष्कळच वाढविता येते. जर्मनीत ‘स्कार्लेट’ ही लागवडीची जात व इस्राएलमधील एक रानसातू यांच्यापासून याच क्रमाने ३०१ द्विगुणीकृत वंशांचा समूह तयार करण्यात आला. उत्पादनापासून रोगप्रतिकारापर्यंतच्या अनेक गुणांचे जनुकप्रदेश त्यावरून शोधले गेले, आणि एकंदरीने निकृष्ट दिसणाऱ्या रानसातूतही लागवडीच्या जातीस सुधारणारे काही जनुक दडलेले असतात, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली.

आपल्या पिकांकडे पाहता

आता हा विचार मराठवाड्यातील पिकांस कितपत लागू पडतो ते पाहू. येथे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, प्रत्येक पिकाची अडचण वेगळी आहे व सातूची रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

गव्हाच्या बाबतीत मार्ग बराच मोकळा आहे. गव्हावर मक्याचे पराग टाकले असता मक्याची रंगसूत्रे गर्भातून निघून जातात व गव्हाचा एकगुणित गर्भ उरतो, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे मक्याऐवजी इंपेराटा सिलिंड्रिका या दर्भासारख्या गवताचे पराग वापरून हेच साध्य करण्यात आले. या तंत्रास लागणारी साधने कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेस परवडण्यासारखी आहेत.

ज्वारीची गोष्ट अधिक कठीण व म्हणूनच अधिक आव्हानात्मक आहे. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही रब्बी ज्वारी आजही निकष म्हणून वापरली जाते. इतकी वर्षे तिची जागा सर्वार्थाने घेणारी जात निघू नये, यावरूनच रब्बी ज्वारीतील उपलब्ध विविधता किती तोकडी आहे हे उमगते. खोडमाशीमुळे होणारी पोंगामर व खडखड्या रोग या दोन व्यथा शेतकऱ्यास जुन्या परिचयाच्या आहेत. खोडमाशीस अत्यंत प्रबळ प्रतिकार करणारी सॉर्घम पर्प्युरिओसेरिसियम ही रानज्वारी दख्खनच्या पठारावरच उगवते, आणि तिच्या या गुणाची दखल महाराष्ट्रातील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच घेतली होती. परंतु तिची रंगसूत्रे दहा व लागवडीच्या ज्वारीची वीस. शिवाय ज्वारीच्या कुक्षीवर परक्या परागाची नळी वाढूच दिली जात नाही. हा अडसर मुख्यतः एका जनुकामुळे आहे व त्याचे अडसर न करणारे रूपही ज्वारीतच आढळते, हे १९८९ साली प्रसिद्ध झाले; त्याच्या आधारे २००५-०६ च्या सुमारास ज्वारीचे काही दूरच्या रानज्वारींशी संकर घडवून आणण्यात आले. दुसऱ्या बाजूने, एकगुणित संतती घडविणारे ज्वारीचे प्रेरक वाण सापडल्याचे २०१९ साली जाहीर झाले. म्हणजे दोन्ही दारांच्या किल्ल्या आता निदान दृष्टिपथात आल्या आहेत. मात्र येथे दाण्याइतकाच कडब्याचाही विचार करावा लागतो. एकच शुद्ध वंश अनेक ठिकाणी पेरून दोहोंचे मोजमाप घेण्याची सोय म्हणूनच ज्वारीस विशेष उपयोगी पडेल.

तुरीमध्ये वन्य आप्ताने मोठे काम याआधीच केले आहे. कजानस कजानिफोलियस या रानतुरीच्या पेशीद्रव्यापासून नरवंध्यता मिळवून पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने संकरित तुरीची पद्धत उभी केली; तीमधील आय.सी.पी.एच. २६७१ हा संकर २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला. परंतु तुरीच्या, व एकूणच कडधान्यांच्या, परागकोशांतून एकगुणित झाडे मिळविणे अद्याप व्यवहारात उतरलेले नाही. हळदीत तर हा प्रश्नच निराळा आहे. ती त्रिगुणित, ६३ रंगसूत्रांची व कंदांनी वाढणारी असल्यामुळे येथे वर्णन केलेली रीत तिला लागू पडत नाही.

उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य पुढीलप्रमाणे सांगता येईल. द्विगुणीकृत वंश आहे ती विविधता क्षणात स्थिर करतात; नवी विविधता निर्माण करीत नाहीत. वन्य आप्त नवी विविधता देतात. परंतु दोषांसकट देतात. म्हणून एखाद्या संकरापासून द्विगुणीकृत वंश काढण्यापूर्वी संशोधक विद्यार्थ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : हवा असलेला जनुक रंगसूत्रावर कोठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, आणि त्या दोहोंत अदलाबदल होण्यास आतापर्यंत किती विभाजनांची संधी मिळाली आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधीच विविधतेवर शिक्का मारला, तर वाचलेली चार वर्षे पुढे दहा वर्षांच्या दुरुस्तीत खर्ची पडण्याचा संभव आहे.

परभणीचे कृषी विद्यापीठ किंवा कळमनुरी तालुक्यातीलच तोंडापूरचे कृषि विज्ञान केंद्र यांसारख्या ठिकाणी, आपल्याच काळ्या जमिनीत व आपल्याच पावसावर, असे वंश पारखून घेता येतील. त्यासाठी प्रथम ते योग्य पिढीतून काढलेले असले पाहिजेत. कोणत्या पिढीवर थांबावे याचा निर्णय प्रयोगशाळेत एका दिवसात होतो, पण त्याचे फळ शेतकऱ्यास पुष्कळ हंगाम भोगावे लागते. तो निर्णय विचारपूर्वक घेणे हीच या दोन्ही साधनांच्या उपयोगातील खरी विद्या होय.